एका चर्चचे खरेदीखत

आजचा विषय फलकावर वाचून पुष्कळांनी आम्हांला वाटेतच गाठले. कामगारांच्या पगारवाढीचे आणि बोनसचे हिशेब करणारा माणूस न्यूयॉर्कच्या चर्चच्या भानगडीत कोठून पडला, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि युनियनच्या कपाटातल्या पुस्तकांपाशी झाले. शिल्पशास्त्रावर किंवा ख्रिस्ती धर्मशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही. परंतु वीस वर्षांपूर्वी एका सार्वजनिक इमारतीच्या विक्रीच्या कागदावर आमची सही पडली, आणि ती सही अजून टोचते. त्या टोचणीपायी अशा विक्रीविषयी जे हाती पडेल ते वाचीत गेलो, आणि वाचता वाचता न्यूयॉर्क शहरात सहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, विसाव्या रस्त्याला लागून असलेल्या एका तपकिरी दगडाच्या इमारतीपाशी येऊन थांबलो. तिचे नाव ‘चर्च ऑफ द होली कम्युनियन’. आमच्या सहीची गोष्ट पुढे सांगू. आधी या चर्चची.

इमारत गॉथिक पद्धतीची आहे. गॉथिक म्हणजे काय हे समजण्यासाठी आपणांस समुद्र ओलांडावयास नको. मुंबईचे बोरीबंदर स्टेशन किंवा विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्याने पाहिला त्याने त्या घराण्याची लेकरे पाहिली आहेत. खूण अशी की कमान वर टोकदार असते. अर्धगोल कमान भिंतीला दोन्ही बाजूंनी जोराचा रेटा देते, म्हणून तिच्याखाली भिंत जाड लागते. टोकदार कमानीचा बाजूचा रेटा कमी, ओझे बरेचसे सरळ खाली खांबांवर उतरते, आणि जो रेटा उरतो तो बाहेरून लावलेले दगडी टेकू पेलतात. भिंत अशी मोकळी झाली की तिच्यात उंच खिडक्या आणि रंगीत काचा बसविता येतात. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये ही रीत निघाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत तिची पुन्हा आवड उत्पन्न झाली, आणि त्याच लाटेचे पाणी मुंबईच्या किनाऱ्याला लागले.

होली कम्युनियनचे बांधकाम १८४४ साली सुरू झाले आणि १८४६ साली पुरे झाले. त्या वेळी विसावा रस्ता म्हणजे शहराचे जवळजवळ टोक. बांधणाराचे नाव रिचर्ड अपजॉन. याच सुमारास त्याने वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी ट्रिनिटी चर्च उभारले, ते अधिक प्रसिद्ध आहे. पण आम्हांला या माणसाविषयी आपुलकी वाटते ती निराळ्या कारणाने. अपजॉन हा मूळचा इंग्लंडमधला लाकडी सामान बनविणारा सुतार. १८२९ साली अमेरिकेत आला, नकाशे काढण्याचे काम करीत करीत शिल्पी झाला, आणि १८५७ साली अमेरिकेतील शिल्पकारांची संस्था निघाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष झाला. गरीब खेड्यांतल्या मंडळींना शिल्पी नेमणे परवडत नाही हे ओळखून त्याने १८५२ साली लाकडी चर्चच्या नकाशांचे एक पुस्तकच छापले. हातात रंधा धरलेल्या माणसालाच असे सुचते, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो; असो. होली कम्युनियनमध्ये त्याने मनोरा मधोमध न ठेवता कोपऱ्यात ठेवला. इंग्लंडातल्या जुन्या खेड्यांतली चर्चे अशीच, जशी गरज पडली तशी वाढलेली असतात. अमेरिकेतील गॉथिक चर्चांमध्ये ही अशी असमान बांधणीची पहिली इमारत, असे न्यूयॉर्कच्या स्मारक आयोगाने नोंदून ठेविले आहे.

परंतु त्या इमारतीचा खरा नवेपणा दगडात नव्हता, बाकांत होता.

त्या काळी न्यूयॉर्कच्या बहुतेक मोठ्या चर्चांत बसण्याचे बाक विकत किंवा भाड्याने दिले जात. बाकाला लहानसे दार असे, आत गादी असे, आणि ज्याचे नाव त्या बाकावर त्याच्या कुटुंबाखेरीज तेथे कोणी बसत नसे. बाकांचे लिलाव होत, बाकांची खरेदीखते होत, बाक वारसाहक्काने मुलाकडे जात. वेदीजवळचा बाक महाग, दाराजवळचा स्वस्त, आणि गोरगरिबांनी माडीवर किंवा मागे भिंतीशी. आपल्याकडे नाटकगृहात जशी तिकिटे तशी तेथे प्रार्थनेला. यात कोणाचा दुष्टपणा होता असे नव्हे. पाद्र्याचा पगार, कोळसा, दिवाबत्ती हे सारे बाकाच्या भाड्यातून निघे. पण परिणाम व्हावयाचा तोच झाला. दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी आणि गोदीत ओझी वाहणारा माणूस रविवारी त्या दारातून आत जाईना.

होली कम्युनियनचे पहिले धर्मोपदेशक विल्यम ऑगस्टस म्यूलेनबर्ग यांनी हा प्रकार आपल्या चर्चपुरता बंद केला. जागेचा व बांधणीचा खर्च त्यांच्या विधवा बहिणीने, मेरी रॉजर्स यांनी, उचलला होता. अट एकच: येथे बाक कोणाच्या मालकीचे असणार नाहीत, येईल तो बसेल. १८४६ साली ही गोष्ट लहान नव्हती. तेथेच अ‍ॅन एअर्स या बाईंच्या पुढारपणाखाली सेवाव्रती भगिनींचा संघ उभा राहिला, या भगिनी आजारी गरिबांची शुश्रूषा करू लागल्या, आणि त्या कामातून सेंट ल्यूक इस्पितळ निघाले. १८५८ साली इस्पितळ स्वतःच्या इमारतीत गेले. म्यूलेनबर्ग पुढे इस्पितळातच राहावयास गेले आणि १८७७ साली तेथेच वारले.

आता येथे एक हिशेब मांडला पाहिजे, कारण आम्हांला हिशेबावाचून गोष्ट कळत नाही. ज्या चर्चला बाकांचे भाडे येत नाही ते कशावर चालते? रविवारच्या थाळीवर आणि आसपासच्या सधन घरांच्या देणगीवर. म्हणजे ज्यांना बाक विकावयाचे नाकारले त्यांच्याच उदारपणावर. ती घरे जोवर शेजारी आहेत तोवर ठीक. पण न्यूयॉर्क हे शहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेलेले. श्रीमंत वस्ती पुढे, तिच्या मागे दुकाने, दुकानांच्या मागे कारखाने आणि वखारी. १८७८ साली सहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या डोक्यावरून लोखंडी खांबांवरची आगगाडी धावू लागली. प्रारंभी ती वाफेच्या इंजिनावर चाले, म्हणजे धूर, काजळी आणि खडखडाट सारा चर्चच्या खिडकीशी. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रचंड दुकाने उठली. समोर ह्यू ओनील यांचे, दोन रस्ते खाली सीगल-कूपर यांचे. हे दुसरे १८९६ साली उघडले. त्या दुकानांतल्या विक्रेत्या मुलींना दिवसभर टेकावयास स्टूलसुद्धा मिळत नसे, आणि त्यांची बाजू घेऊन १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये ग्राहकांचा एक संघ निघाला होता. तो इतिहास कधीतरी स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे.

वस्ती हलली की बहुतेक चर्चेही हलत. जुनी जागा दुकानदाराला चढ्या भावाने विकावयाची आणि त्या पैशांत उत्तरेकडे नवे, मोठे चर्च बांधावयाचे. सेंट टॉमस चर्च ब्रॉडवे सोडून १८७० साली पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवर त्रेपन्नाव्या रस्त्याला गेले, ते असेच. तेव्हा चर्च विकणे हे काही आजचे पाप नव्हे. ते शहर चर्चे विकीत विकीतच वाढले आहे. होली कम्युनियन मात्र हलले नाही. १९३८ साली डोक्यावरची गाडी बंद पडली, लोखंडी सांगाडा निघाला, पुन्हा उजेड आला. पण शेजारी घरे उरली नव्हती.

आणि गॉथिक इमारत म्हातारी झाली म्हणजे तिचा खर्च तरण्या इमारतीहून जास्त. छप्पर उंच आणि उताराचे. एक कौल फुटले तरी मजुराला आधी पराती बांधाव्या लागतात. आतली सारी पोकळी हिवाळ्यात तापवावी लागते, मग आत चाळीस माणसे असोत की चारशे. तो तपकिरी दगडही नाजूक. त्याला थर असतात, पाणी मुरून गोठले की थर सुटतात आणि कोरीव काम पापुद्र्यासारखे गळू लागते. बरे, एवढी मोठी जागा आहे तर तिचे मजले पाडून भाड्याने द्यावी म्हटले, तर टोकदार कमानीच्या मध्यावर मजला घालणे म्हणजे चांगल्या सदऱ्याच्या पोटावर ठिगळ लावणे. म्हणून अशा इमारतीचा भाव विचित्र असतो. जागेला मोठी किंमत, आणि इमारतीला उणे किंमत. घेणारा मनात पाडण्याचा खर्च वजा करूनच आकडा सांगतो.

१९६६ साली या हिशेबात एक नवी गोष्ट आली. त्याच्या आदल्या वर्षी न्यूयॉर्क शहराने जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला होता. १९६३ पासून पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत पाडली गेली, तेव्हा शहर हळहळले आणि मग हा कायदा झाला. त्याखाली होली कम्युनियन संरक्षित ठरले. याचा अर्थ, स्मारक आयोगाच्या परवानगीवाचून ते पाडता येत नाही आणि त्याचे बाह्य रूप बदलता येत नाही. अशा कायद्याने धर्मस्वातंत्र्याला बाध येतो अशी तक्रार पुढे दुसऱ्या एका चर्चने केली. पार्क अ‍ॅव्हेन्यूवरील सेंट बार्थोलोम्यू चर्चला आपल्या समाजगृहाच्या जागी ऑफिसांचा मनोरा बांधावयाचा होता. शहराने नाकारले, प्रकरण कोर्टात गेले, १९९० साली अपील कोर्टाने शहराची बाजू उचलून धरली आणि १९९१ साली सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालण्याचे नाकारले. एकूण दगडाचे रक्षण पक्के झाले.

दगडाचे, आणि तेही बाहेरच्या. १९७३ साली शहराने काही इमारतींच्या अंतर्भागालाही संरक्षण देण्याची सोय केली, परंतु धर्मोपासना चालते ते अंतर्भाग त्यातून वगळले. हेतू चांगला होता: वेदी कोठे ठेवावी, बाक कसे लावावेत, यात सरकारी माणसाने लुडबूड करू नये. पण याचा असा परिणाम होतो की ज्या दिवशी चर्च बंद पडते त्या दिवशी त्याचा आतला भाग अगदी उघडा असतो. उपासना होती म्हणून कायद्याने हात लावला नाही, आणि उपासना गेली तेव्हा कायदा जागेवर नव्हता.

१९७०च्या दशकाच्या मध्यास होली कम्युनियनची मंडळी शेजारच्या कॅल्व्हरी आणि सेंट जॉर्ज या चर्चांच्या मंडळींत विलीन झाली. तीन इमारती आणि माणसे एका इमारतीपुरती; एक इमारत काढावयाची हे ओघानेच आले.

आता विक्री कशी होते ते पाहू. चर्च कोणाचे? पाद्र्याचे नव्हे, बिशपचेही सर्वस्वी नव्हे. एपिस्कोपल पंथात जागेची मालकी स्थानिक मंडळीच्या नावे असते, आणि तिचा कारभार ‘व्हेस्ट्री’ नावाची निवडलेली पंच कमिटी पाहते. कमिटीने ठराव केला म्हणजे भागले असे नाही. बिशपची व त्याच्या स्थायी समितीची संमती लागते. त्यावर न्यूयॉर्क राज्याचा कायदा असा की धार्मिक संस्थेला स्थावर विकण्यासाठी सरकारी तपासणीतून जावे लागते. पूर्वी त्यासाठी कोर्टाची परवानगीच लागे. कोर्ट दोन गोष्टी पाहते: मिळणारा मोबदला वाजवी आहे काय, आणि विक्रीने संस्थेचा हेतू किंवा सभासदांचे हित साधते काय. आपल्या महाराष्ट्रातील श्रोत्यांना यात अनोळखी काहीच नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ३६ व्या कलमाने आपल्याकडेही धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून संस्थेची जागा विकता येत नाही.

याखेरीज एक धार्मिक विधी असतो. एकदा पवित्र केलेली वास्तू तशीच बाजारात नेता येत नाही. बिशप प्रार्थना म्हणून तिचे पावित्र्य उतरवितो. आपण गणपतीची उत्तरपूजा करून, अक्षता टाकून, मूर्ती जागची हलवितो; मग ती माती. तसेच हे. विधी झाला की कायद्याच्या आणि धर्माच्या दोन्ही दृष्टींनी ती एक रिकामी दगडी खोली उरते.

त्या रिकाम्या खोलीला प्रारंभी चांगले भाडेकरू आणि धनी लाभले. काही वर्षे लिंडिसफार्न नावाचे विद्वानांचे एक अभ्यासमंडळ तेथे होते. मग ओडिसी हाऊस ही, अमली पदार्थांच्या व्यसनातून माणसांना सोडविणारी संस्था आली. म्यूलेनबर्ग जिवंत असते तर त्यांनी या संस्थेला आपण होऊन किल्ली दिली असती असे आम्हांला वाटते. पण व्यसनमुक्ती करणाऱ्या संस्थेजवळ पैसा कोठला? ओढाताण झाली, आणि इमारत पुन्हा विकली गेली. या वेळी घेणारा रात्रीच्या नाचघरांचा धंदा करणारा होता. १९८३ सालच्या नोव्हेंबरात त्या चर्चमध्ये ‘लाइमलाइट’ नावाचे नाचघर उघडले. वेदीच्या जागी नाचाचा चौथरा, रंगीत काचांवर विजेचे झोत, दाराशी दोर लावून कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला नाही हे ठरविणारा माणूस.

श्रोतेहो, नाचण्यावर आमचा राग नाही. तरुण माणसांनी आठवडाभर राबून शनिवारी नाचावे. आम्हांला त्या दाराशी लावलेल्या दोराचे वाईट वाटते. येईल तो बसेल म्हणून बांधलेली ती जागा. तिच्याच उंबऱ्यावर एकशेसदतीस वर्षांनी पुन्हा माणसाचे कपडे पाहून त्याची जागा ठरू लागली. आणि ज्या खोल्यांत व्यसन सोडविले जात होते तेथेच पुढच्या दशकात अमली पदार्थांचा सुळसुळाट झाल्याच्या तक्रारी होऊन पोलिसांचे छापे पडले. १९९६ साली मालकावर त्याबाबत खटला झाला. १९९८ साली ज्यूरीने त्याला त्या आरोपातून निर्दोष सोडले, हेही सांगितले पाहिजे. नाचघर पुढे दुसऱ्या नावाने चालले, बंद पडले. २०१० साली तेथे छोट्या छोट्या दुकानांचा बाजार भरला. नंतर व्यायामशाळा आली. या साऱ्या काळात मनोरा, टोकदार खिडक्या आणि तपकिरी भिंती जागच्या जागी होत्या. कायद्याने जे राखावयाचे म्हटले ते चोख राखले.

आता आमची गोष्ट. आमच्या गावी कामगारांनी एकेक दिवसाचा पगार देऊन बांधलेले एक वाचनालय होते. दोन खोल्या, एक सभागृह, विश्वस्त संस्था रीतसर नोंदलेली. कारखाना बंद पडला, सभासद पांगले, घरपट्टी थकली. विकण्याचे ठरले. एका क्लास चालविणाऱ्या सद्गृहस्थांनी बरा भाव दिला, मुले शिकतील म्हणून आम्हां सर्वांना समाधान वाटले. मंजुरी रीतसर झाली, भावही योग्य होता, त्यात कोणाचा दोष नाही. तीन वर्षांनी त्या गृहस्थांनी जागा पुढे विकली. आज तेथे परमिट रूम आहे. ज्या भिंतीवर वर्तमानपत्रांचे लाकडी चौकट होते तेथे बाटल्यांची फळी आहे. पगारातून पैसे दिलेला एक म्हातारा फिटर आम्हांला रस्त्यात भेटला की काही बोलत नाही, नुसता त्या बाजूला पाहतो.

न्यूयॉर्कच्या आणि आमच्या गोष्टीत चूक एकाच ठिकाणी होते. पहिला घेणारा सर्वांनी पारखून घेतला. दुसऱ्याचा विचार झाला नाही. विकणाराचा हेतू पहिल्या हातापर्यंत जातो आणि तेथेच थांबतो.

तर मग खरेदीखतातच अट का लिहू नये? हा प्रश्न आम्ही एका वकिलांना विचारला. त्यांनी १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा काढून ११ वे कलम दाखविले. त्याचा भावार्थ असा, की तुम्ही एखाद्याला जागेची संपूर्ण मालकी दिली आणि वर ती अमुकच रीतीने वापरावी अशी अट घातली, तर अट नाही असे समजून तो ती वापरू शकतो. अपवाद एक: तुमची स्वतःची दुसरी जागा लगत असेल आणि तिच्या उपभोगाच्या हितासाठी अट घातली असेल, तर ती टिकते. कायद्याचे यात चुकते असे नाही. नाहीतर मेलेल्या माणसांच्या अटींखाली जिवंत माणसांच्या जागा गुदमरून जातील.

इंग्लंडच्या चर्चने या अडचणीतून काढलेली वाट मात्र अभ्यासण्याजोगी आहे. तेथे १९६८ साली, निरुपयोगी झालेल्या चर्चांचे काय करावे याविषयी नियम झाला. चर्च बंद झाले की लगेच विकावयाचे नाही. योग्य उपयोग शोधण्यासाठी ठरावीक मुदत थांबावयाचे. उपयोग सापडला तर विकताना वापराच्या अटी घालावयाच्या. आणि लगतच्या जमिनीची जी अडचण आपण आता पाहिली तिच्यावर नियमातच तोड काढली. चर्चच्या आयुक्तांची शेजारी जमीन आहे असे समजून या अटी अमलात आणता याव्यात, असे लिहिले. नसलेली जमीन कायद्याने शेजारी आणून ठेवली! वकिली डोक्याचा इतका उपयुक्त चमत्कार आम्ही दुसरा पाहिला नाही. आणि उपयोग मुळीच सापडला नाही पण वास्तू मोलाची असली, तर ती सांभाळण्यासाठी १९६९ पासून एक निधी आहे. त्याच्याकडे आज साडेतीनशेहून अधिक चर्चे आहेत.

संरक्षणच नसले तर काय होते याचेही उदाहरण न्यूयॉर्कातच आहे, होली कम्युनियनपासून फार लांब नाही. पूर्वेकडे बाराव्या रस्त्यावर १८४७ साली बांधलेले एक चर्च होते. आधी ते बॅप्टिस्टांचे. १८५४ साली ज्यूंनी ते घेऊन तेथे आपले सिनेगॉग केले. १८७० पासून कॅथलिकांचे सेंट अ‍ॅन. तीन धर्ममंडळांनी एकमेकांना विकत विकत तेथे दीडशे वर्षे प्रार्थना चालू ठेवली. २००५ साली ते एका बांधकाम कंपनीला विकले गेले. समोरचा मनोरा ठेवून बाकी सारे पाडले, आणि मागे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी सव्वीस मजली वसतिगृह उठले. मंडप नेल्यावर कमान तेवढी राहावी तसा तो मनोरा फुटपाथवर उभा आहे.

आणि एक विक्री अशी, की जिच्याविषयी वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोचे बंदर लीथ. तेथे १८४० नंतर सर जॉन ग्लॅडस्टन यांनी सेंट टॉमस चर्च बांधून दिले. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे हे वडील, जन्म लीथचाच. पैसा वेस्ट इंडीजच्या बाजूच्या उसाच्या मळ्यांतला. गुलामगिरी बंद झाली तेव्हा गुलामांच्या मालकांना सरकारने भरपाई दिली, तीत फार मोठी रक्कम यांना मिळाली. गुलाम सुटल्यावर मळ्यावर राबावयास माणसे हवीत म्हणून यांनीच कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहिले, आणि १८३८ साली ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ या दोन जहाजांतून हिंदी मजूर कराराने ब्रिटिश गियानाला नेले गेले. गिरमिटाची ती एक सुरुवात. कोकणातली मराठी माणसे त्याच रीतीने मॉरिशसला गेली. त्या सेंट टॉमस चर्चची मंडळी १९७०च्या दशकात दुसऱ्या मंडळीत मिळाली, चर्च विकावयास निघाले, आणि ते घेतले शिखांनी. आज तेथे गुरू नानकांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. आत लंगर चालतो; पंगतीत येईल तो बसतो, आणि कोणाची जागा ठरलेली नसते. मळेवाल्याने बांधलेल्या भिंतींत, ज्या देशातून त्याने मजूर नेले त्या देशाची माणसे ताट मांडून बसतात. ग्लॅडस्टनसाहेबांनी खरेदीखतात अट घालून ठेवली असती, तर ती कोणती असती कोणास ठाऊक. तेव्हा अटीच्या बाजूने बोलताना आम्ही ही गोष्टही खिशात ठेवतो.

आमच्या संस्थेची आणखी एक लहान इमारत उरली आहे. जुने तालमीचे घर, मागे विहीर, रस्त्याला लागून. गेल्या दिवाळीत एक बिल्डर येऊन गेले, आकडा मोठा सांगून गेले. वकिलांचा सल्ला असा की विकू नका, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्या. भाडेपट्ट्यात वापराची अट घालता येते, मोडली तर जागा परत मागता येते. तीन वर्षांवरच्या भाडेपट्ट्यालाही मंजुरी लागतेच, ती मागू. बिल्डर म्हणतात, भाडेपट्टा असेल तर आकडा निम्म्याहून खाली येईल. घरपट्टीची थकबाकी त्यात भागते, पण निवृत्त कामगारांच्या औषधांच्या निधीत टाकावयास काही उरत नाही. सभासदांत निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि औषधे ज्यांना हवीत त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने थांबा म्हणावे हे आम्हांला अजून समजलेले नाही. म्हाताऱ्या फिटरचे नाव त्या औषधांच्या यादीत तिसरे आहे. सर्वसाधारण सभा वैशाखात बोलाविली आहे.